पाकिटावरचा पत्ता : सरकारची पाळत आणि नागरिकाचे खाजगीपण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे अशी आपल्याकडे रीत आहे. मी पंडित नव्हे. माझी शाळा दहावीच्या आतच सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते गेटसभेत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. कायद्याची पुस्तके मी वाचली ती गरजेपोटी. मालकाचा वकील कलम दाखवी, आणि ते कलम खरोखर काय म्हणते हे रात्री घरी येऊन पाहावे लागे. आजचा विषयही मी अशा गरजेपोटीच वाचला. ती गरज कशी पडली, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका यंत्रकारखान्यात आम्ही कंत्राटी कामगारांची युनियन बांधत होतो. सत्तरेक पोरांनी सभासदत्वाच्या फॉर्मवर सह्या केल्या होत्या. अजून मागणीपत्र दिलेले नव्हते; सगळे काम गुपचूप, पाळी सुटल्यावर, फोनवरून चालले होते. एके दिवशी एका तरुण वेल्डरला ऑफिसात बोलावले गेले. समोरच्या माणसाने त्याच्यापुढे एक कागद ठेवला आणि शांतपणे वाचून दाखवले : अमुक रात्री नऊ वाजून बारा मिनिटांनी तू युनियनच्या माणसाशी सव्वीस मिनिटे बोललास, त्यानंतर लगेच तू या चौघांना फोन केलेस, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. बस्स. धमकी नाही, चार्जशीट नाही. पोरगा बाहेर आला तो पांढराफटक पडून. आठ दिवसांत चाळीस जणांनी सह्या मागे घेतल्या. तो कागद तिथे कुठून आला, हे आम्हाला कधीच कळले नाही.

त्या कागदावर संभाषणातला एक शब्दही नव्हता, हे ध्यानात घ्या. आम्ही काय बोललो ते कोणीच ऐकलेले नव्हते. कोण, कोणाशी, केव्हा, किती वेळ एवढेच त्यावर होते, आणि तेवढ्याने एक युनियन मोडली. फोन ‘ऐकणे’ आणि फोनची ‘नोंद पाहणे’ या दोन गोष्टी निराळ्या असून दुसरी पहिलीपेक्षा मुळीच किरकोळ नाही, हा धडा मला त्या दिवशी मिळाला. आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

पाकिटाच्या आत आणि पाकिटावर

जुन्या टपालाचे उदाहरण घेऊ. पोस्टकार्ड कोणीही वाचावे. म्हणून घरची नाजूक गोष्ट आपण पाकिटात घालून चिकटवून पाठवत असू. पण पाकीट चिकटवले तरी वरचा पत्ता झाकता येत नाही. तो झाकला तर पत्र पोचणार कसे? पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, पोस्टाचा शिक्का, तारीख हे सगळे पोस्टमनला दिसतेच. फक्त पूर्वी पोस्टमन ते पाहून विसरून जाई.

आता पोस्टमन विसरत नाही. तुम्ही फोन लावता तेव्हा कंपनीच्या यंत्रात एक ओळ लिहिली जाते : लावणाऱ्याचा क्रमांक, घेणाऱ्याचा क्रमांक, वेळ, अवधी, हँडसेटचा अनुक्रमांक, आणि ज्या मनोऱ्यावरून फोन लागला त्याची खूण. याला पोलिसांच्या आणि वकिलांच्या बोलीत ‘सीडीआर’ म्हणतात. मनोऱ्याच्या खुणेवरून माणूस साधारण कुठे होता ते कळते. इंटरनेटचा वापर केलात तर त्याचीही अशीच नोंद होते. या नोंदी पूर्वी किमान एक वर्ष ठेवाव्यात असे कंपन्यांच्या परवान्यात होते. डिसेंबर 2021 मध्ये दूरसंचार विभागाने ती मुदत किमान दोन वर्षे केली. म्हणजे मागच्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीला तुम्ही कोणाला फोन केला होता, हे तुम्ही विसरला असाल. यंत्र विसरलेले नाही.

आता कोणी म्हणेल, नुसत्या क्रमांकांवरून काय कळणार? तर एक साधा हिशेब करून पाहा. एक बाई सकाळी स्त्रीरोगतज्ज्ञाला फोन करते, दुपारी आईशी तासभर बोलते, संध्याकाळी वकिलाला फोन लावते. एक शब्दही न ऐकता तिच्या आयुष्यात काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो. एक सरकारी कारकून सलग तीन रात्री एका वार्ताहराला फोन करतो आणि चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात भ्रष्टाचाराची बातमी येते. बातमी कोणी दिली हे शोधायला संभाषण ऐकावे लागत नाही. शब्द फिरवता येतात, थट्टेत घेता येतात. नोंद मात्र सपाट असते, ती यंत्राला मोजता येते, आणि लाखो माणसांची एका रात्रीत जुळवता येते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये असे म्हटले होते की, फिरवलेला क्रमांक माणूस स्वतःहून कंपनीला देतो, तेव्हा त्याबाबत खाजगीपणाची अपेक्षा धरता येत नाही. जून 2013 मध्ये एडवर्ड स्नोडेन या तरुण तंत्रज्ञाने कागदपत्रे बाहेर काढली तेव्हा कळले की, या तर्काच्या आधारे तिथली एक सरकारी संस्था देशातल्या सामान्य लोकांच्या फोननोंदी सरसकट गोळा करत होती. 2015 मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून ती सरसकट वसुली थांबवली. पुढे जून 2018 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयापुढे कार्पेंटर खटला आला. पोलिसांनी एका आरोपीच्या 127 दिवसांच्या हालचालीच्या नोंदी मिळवल्या होत्या. ती 12,898 ठिकाणे होती. न्यायालयाने ठरवले की, अशा नोंदीसाठी न्यायाधीशाचे वॉरंट हवे. एकोणचाळीस वर्षांत पाकिटावरच्या पत्त्याची किंमत त्या न्यायालयाला कळली.

तार गेली, कायदा राहिला

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला दिला तो 1885 च्या भारतीय तार कायद्याने. पत्रे अडवून उघडण्याचा अधिकार दिला 1898 च्या टपाल कायद्याने. इंग्रजांनी हे कायदे कोणासाठी केले, हे कामगार चळवळीला पुस्तकातून शिकावे लागत नाही. 1928 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप लढवला. 20 मार्च 1929 रोजी देशभर धरपकड झाली आणि मीरत कटाचा खटला उभा राहिला. तीसहून अधिक आरोपी. त्यांत श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, आणि आळवे, कसले यांच्यासारखे गिरण्यांतून वर आलेले पुढारी. सरकारी पक्षाचा पुरावा कसला होता? त्यात मोठा भाग होता टपालात अडवून, उघडून, नकलून पुन्हा बंद केलेल्या पत्रांचा. साडेतीन वर्षांहून अधिक काळ खटला चालला, 1933 च्या जानेवारीत शिक्षा झाल्या आणि त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यातल्या बहुतेक उतरवल्या किंवा रद्द केल्या. पण माणसे चार वर्षे तुरुंगात होती. चळवळीचे जे मोडायचे ते मोडले होते.

स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली. पण हे दोन्ही कायदे तसेच राहिले. 1972 मध्ये तार कायद्याच्या पाचव्या कलमाला नवी शब्दरचना दिली गेली. 1986 मध्ये टपाल कायद्यात दुरुस्ती करून पत्रे उघडण्याचा अधिकार आणखी पसरवण्याचे विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. सही न करण्याचाही एक उपयोग असतो, तो असा. 1988 मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना फोन ऐकल्याच्या आरोपावरून पद सोडावे लागले.

देशातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. शेवटची तार पाठवायला लोकांनी रांगा लावल्या, वर्तमानपत्रांनी लेख लिहिले. पण तारेच्या नावाचा कायदा पुढे अकरा वर्षे फोन ऐकण्याच्या कामी येतच राहिला.

1991 च्या सुमारास पुढाऱ्यांचे फोन ऐकल्याबद्दलचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल छापून बाहेर आला. त्यावरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि 18 डिसेंबर 1996 रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणाले : फोनवरचे संभाषण हा माणसाच्या खाजगी जीवनाचा भाग आहे. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एक गोष्ट खरोखर असल्याशिवाय फोन ऐकता येणार नाही. आदेश गृहसचिवानेच द्यावा. तो दोन महिने चालेल, वाढवला तरी एकंदर सहा महिन्यांपलीकडे नाही. आणि प्रत्येक आदेश एका पुनर्विलोकन समितीपुढे जाईल. निकाल चांगला होता. पण एका मागणीला न्यायालयाने नकार दिला. ती मागणी अशी होती की, फोन ऐकण्यापूर्वी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी. संसदेने तसा कायदा केलेला नाही, तेव्हा आम्ही तसे नियम घालून देणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या एका नकाराने सगळी यंत्रणा सरकारच्याच ओसरीत राहिली.

आज कायदा काय म्हणतो

संसदेने 2023 मध्ये दोन्ही जुन्या कायद्यांच्या जागी नवे केले. टपाल कायदा जून 2024 पासून अंमलात आला. त्याच्या नवव्या कलमाने पत्र किंवा पार्सल अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार कायम आहे. दूरसंचार कायद्याचे विसावे कलम 26 जून 2024 पासून लागू झाले, आणि त्याखालचे नियम डिसेंबर 2024 मध्ये निघाले. घर नवे, पण वासे जुनेच आहेत. आदेश गृहसचिवाचा, मुदत साठ दिवस, कमाल एकशेऐंशी दिवस, वर पुनर्विलोकन समिती.

याशिवाय संगणकातून आणि इंटरनेटवरून जाणाऱ्या मजकुरासाठी वेगळा कायदा आहे : माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000, त्याचे कलम 69. दूरसंचाराच्या कलमात ‘सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता’ हा उंबरठा तरी आहे. कलम 69 मध्ये तो नाही. तिथे ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ एवढे कारण पुरते. कुलूपबंद मजकूर उघडून देण्यास ज्याने नकार दिला त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 20 डिसेंबर 2018 रोजी केंद्रीय गृहखात्याने या कलमाखाली दहा यंत्रणांना अधिकार दिल्याचे जाहीर केले. त्यांत गुप्तवार्ता विभागापासून प्रत्यक्ष कर मंडळापर्यंत आणि दिल्लीच्या पोलीस आयुक्तांपर्यंत सारे आहेत.

हे झाले ऐकण्याचे. मग त्या नोंदींचे काय, ज्यांनी माझी युनियन मोडली? तिथे उंबरठा आणखी खाली आहे. गुन्ह्याच्या तपासासाठी कोणताही ‘दस्तऐवज किंवा वस्तू’ हजर करायला लावण्याचे जे सर्वसाधारण कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 91 क्रमांकाचे होते, आणि 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत 94 क्रमांकाचे झाले, त्याच वाटेने सीडीआर मागवले जातात. कायद्याच्या अक्षराप्रमाणे त्याला पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचा लेखी आदेश पुरतो. खात्याच्या अंतर्गत सूचनांनी वरच्या अधिकाऱ्याची संमती घालून ही वाट थोडी अरुंद केली आहे खरी. पण खात्याची सूचना म्हणजे कायदा नव्हे. ज्याने ती घातली तोच ती काढू शकतो. संभाषण ऐकायला गृहसचिव लागतो, आणि माणसाचे दोन वर्षांचे येणे-जाणे पाहायला एक पत्र पुरते, हा आपल्या कायद्यातला उलटा न्याय आहे.

याचे दोन परिणाम आपण पाहिले आहेत. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी पैसे घेऊन लोकांचे सीडीआर विकणारी टोळी पकडली. अटकेत खाजगी हेर होते. जी नोंद इतक्या सहज मिळते ती विकली जाणारच. दुसरे, 2020 च्या आरंभी सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया या खुद्द कंपन्यांच्याच संघटनेने दूरसंचार विभागाला पत्र लिहून तक्रार केली की, काही राज्यांतल्या सर्व ग्राहकांच्या विशिष्ट दिवसांच्या नोंदी सरसकट मागितल्या जात आहेत. एका संशयिताच्या नोंदी नव्हेत, सर्वांच्या. मासा पकडायला गळ टाकणे वेगळे आणि तळे उपसणे वेगळे.

दोन सेकंदांचे पुनर्विलोकन

सरकार म्हणते, आमच्यावर पुनर्विलोकन समिती आहे ना. केंद्रात तिच्यावर मंत्रिमंडळ सचिव असतात, आणखी दोन सचिव असतात. राज्यात मुख्य सचिव आणि आणखी दोन. सारे सरकारचे अधिकारी. तिथे न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा माणूस नाही, आणि ज्याचा फोन ऐकला त्याच्या बाजूने बोलणारा तर कोणीच नाही. आमच्या कारखान्यात घरगुती चौकशी असते. मालकानेच नेमलेला चौकशी अधिकारी. पण तिथे निदान आरोपी कामगार समोर उभा असतो, त्याला साथीदार घेता येतो. इथे ‘आरोपी’ला आपली चौकशी चालू आहे हेच माहीत नसते.

आणि काम किती? माहितीच्या अधिकाराखाली केंद्र सरकारने दिलेल्या उत्तराप्रमाणे 2013 च्या सुमारास दर महिन्याला 7,500 ते 9,000 फोन ऐकण्याचे आदेश निघत होते. समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, जे आपल्या मुंबई उच्च न्यायालयातही न्यायाधीश होते, त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2018 च्या अहवालात हाच हिशेब मांडला : एका बैठकीत 15,000 ते 18,000 आदेश तपासण्याचे हे काम अवास्तव आहे. मी पीसरेटवर काम केलेला माणूस. मला लगेच भागाकार सुचतो. बैठक आठ तास चालली, चहासुद्धा घेतला नाही, तर एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत. दोन सेकंदांत माझा हजेरीवाला कार्डसुद्धा नीट पाहत नसे. एखाद्या नागरिकाचे खाजगीपण मोडणे योग्य होते की नाही, हे दोन सेकंदांत कोण ठरवणार?

तपासणी खरी झाली तर काय होते, तेही पाहू. मुंबईतल्या एका व्यापाऱ्याचा फोन लाचेच्या प्रकरणात ऐकला गेला होता. तो उच्च न्यायालयात गेला. 22 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द केले. आणीबाणी नव्हती, सार्वजनिक सुरक्षितताही धोक्यात नव्हती, मग अधिकार आला कुठून, असा सरळ प्रश्न विचारून ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात असाच निकाल दिला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र मोठ्या रकमेचा भ्रष्टाचार हाही सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न होऊ शकतो असे म्हटले. न्यायालयांत मतभेद असू द्या. मुद्दा हा की, प्रश्न न्यायाधीशापुढे गेला तेव्हाच तो प्रश्न म्हणून विचारला गेला. आणि तो न्यायाधीशापुढे गेला तो केवळ खटला उभा राहिला म्हणून. ज्यांचा फोन ऐकला पण ज्यांच्यावर खटला झाला नाही, त्या निरपराध माणसांना हे कधी कळतच नाही. म्हणजे दोषी असल्याचा आरोप झाला तर दाद मागता येते, निर्दोष असलात तर नाही!

‘मला लपवण्यासारखे काही नाही’

गेटसभेत हा विषय काढला की कोणी तरी म्हणतोच : भाऊ, आपण चोर नाही, दरोडेखोर नाही, ऐकू द्या की काय ऐकायचे ते. या बोलण्यात प्रामाणिकपणा आहे, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

पहिले उत्तर : मतपेटी गुप्त असते ती मतदार चोर असतो म्हणून नव्हे. ज्याच्या हातात त्याची भाकरी आहे त्याची भीती न बाळगता त्याला मत देता यावे, म्हणून. युनियनचा सभासद होणे, वार्ताहराला माहिती देणे, वकिलाचा सल्ला घेणे, डॉक्टरला दुखणे सांगणे या सगळ्या कायदेशीर गोष्टी आहेत. आणि या सगळ्या गोष्टी कोणी पाहत आहे असे वाटले की माणूस करायचे सोडतो. त्या वेल्डरने काही गुन्हा केला नव्हता. संघटना करण्याचा हक्क त्याला घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिला होता. तो हक्क कोणी काढून घेतला नाही. तो वापरण्याची हिंमत फक्त काढून घेतली.

दुसरे उत्तर सर्वोच्च न्यायालयाचे आहे. 1954 मध्ये आठ न्यायाधीशांनी आणि 1962 मध्ये खरकसिंग खटल्यात सहा न्यायाधीशांपैकी बहुमताने असे म्हटले होते की, खाजगीपणा हा आपल्या घटनेत मूलभूत हक्क नाही. खरकसिंगवर दरोड्याचा संशय होता, पुराव्याअभावी तो सुटला होता. तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावत. ते दार ठोठावणे न्यायालयाने बंद केले, पण बाकीची पाळत राहू दिली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे होते : नुसत्या पहाऱ्यानेही माणूस मोकळा राहत नाही. ते मत तेव्हा अल्पमतात गेले. निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने ठरवले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे; आणि सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या मानाने प्रमाणात हवा. पंचावन्न वर्षांनी अल्पमत जिंकले. आमच्या चळवळीत यापेक्षा जास्त वाट पाहिलेले लोक आहेत. तेव्हा निराश होऊ नये.

पण एवढा निकाल होऊनही 2023 चे कायदे त्या कसोटीवर घासून लिहिले गेलेले दिसत नाहीत. त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात केंद्र सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून त्या कायद्यातून वगळता येते. दुकानदाराने माझा फोन नंबर कसा वापरावा यावर बंधन, आणि ज्याच्याजवळ माझे सारेच आहे त्याला सूट. आणि 2021 मध्ये पेगासस या हेरगिरीच्या साधनाचा गवगवा झाला तेव्हा काय घडले? सर्वोच्च न्यायालयाने 27 ऑक्टोबर 2021 रोजी तांत्रिक समिती नेमली. तिने 29 फोन तपासले; पाचांमध्ये घातक प्रणाली सापडली, पण ती पेगाससच होती असे खात्रीने सांगता आले नाही; आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही असे ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयातच सांगितले गेले. ज्याच्यावर संशय त्यानेच उत्तर दिले नाही, आणि गोष्ट तिथेच थांबली.

मग मागायचे काय?

मी पाळतीच्या सरसकट विरोधात नाही, हे स्वच्छ सांगतो. 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर हल्ला झाला तेव्हा आपल्या यंत्रणांनी हल्लेखोर आणि सीमेपलीकडचे त्यांचे सूत्रधार यांची बोलणी ऐकली. पुढे तीच खटल्यात पुरावा झाली. पळवलेले पोर शोधायचे असेल तर पोलिसांना मनोऱ्याची नोंद मिळालीच पाहिजे, आणि ती तासाभरात मिळाली पाहिजे. राज्याला कान असू नयेत असे माझे म्हणणे नाही. त्या कानावर कोणाचा हात असावा, हा प्रश्न आहे.

युनियनच्या माणसाला मागणीपत्र लिहिल्याशिवाय बोलणे संपवता येत नाही, तेव्हा चार मागण्या मांडतो. पहिली : फोन ऐकण्याचा आदेश न्यायाधीशाने द्यावा, अगदी तातडी असेल तर आधी ऐका, पण आठवड्यात न्यायाधीशाची मंजुरी घ्या. हे अशक्य नाही. अमेरिकेत 1968 पासून गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायला न्यायाधीशाचा आदेश लागतो; ब्रिटनमध्ये 2016 च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीबरोबर न्यायिक आयुक्ताची संमती लागते. त्या देशांतही सारे आलबेल नाही, पण तिथे दाराला दोन कुलुपे तरी आहेत. दुसरी : सीडीआर आणि मनोऱ्याच्या नोंदींसाठी स्वतंत्र कलम हवे, दंडाधिकाऱ्याचा आदेश हवा, आणि ती नोंद कोणी, केव्हा, कोणत्या गुन्ह्यासाठी पाहिली याचीच एक पक्की नोंद हवी. तिसरी : तपास संपल्यावर, धोका टळल्यावर, संबंधित माणसाला कळवावे. अमेरिकेच्या त्याच कायद्यात ऐकणे संपल्यापासून नव्वद दिवसांची साधारण मुदत आहे. चौथी : दर वर्षी किती आदेश निघाले, किती नाकारले, कितींतून खटला उभा राहिला याचे आकडे विधिमंडळापुढे आणि संसदेपुढे ठेवावेत. नावे नकोत, नुसते आकडे. आकडे सांगितल्याने कोणाही देशाची सुरक्षितता ढासळलेली ऐकिवात नाही.

यांतली चौथी मागणी सर्वांत साधी, आणि तिची सुरुवात इथूनच करता येते. राज्यातल्या फोन ऐकण्याचे आदेश राज्याचाच गृहविभाग देतो. तेव्हा इथल्या आमदाराला विधानसभेत हा प्रश्न विचारता येतो, आणि आपल्याला त्या आमदाराला विचारता येते की, तू तो विचारलास का? पाणी, रस्ता, गटार यांसाठी आपण त्याच्या दारात जातोच. एकदा यासाठीही जाऊ.

त्या वेल्डरचे पुढे काय झाले, असे मला पुष्कळ जण विचारतात. त्याने ते काम सोडले, दुसऱ्या गावी गेला. दोन वर्षांनी एका संध्याकाळी तो माझ्या घरी आला. फोन न करता आला. चहा घेतला, नव्या कारखान्यातल्या कंत्राटी पोरांच्या पगाराविषयी तासभर बोलला, कागदावर माझ्याकडून दोन कलमे लिहून घेतली. निघताना मी म्हटले, काही लागले तर फोन कर. तो म्हणाला, ‘‘नको भाऊ, मी येतच जाईन.’’ एका खेपेला त्याला एसटीचे अडीच तास लागतात.